नौकेच्या इंजिनातील तेलगळती

नौकेच्या अंतर्भागातील डिझेल इंजिनातून वंगणतेल थेंबाथेंबाने पाझरणे म्हणजे किरकोळ तेलगळती होय. हे तेल नौकेच्या तळाशी, बिल्जमध्ये साचते आणि स्वयंचलित पंप ते पाण्यासोबत बाहेर फेकतो. त्यामुळे इंजिनाखाली तबक व तेलशोषक पट्ट्या ठेवतात. साबणाने तेल नाहीसे होत नाही, केवळ पाण्यात विखुरते.

तेल खाली ओघळते, म्हणून थेंब पडतो तेथेच गळती असते असे नाही. इंजिन पुसून थोडा वेळ चालवल्यावर सर्वांत वर जेथे ओल दिसते, तेथे उगम शोधतात. बहुधा झाकणाचे गॅस्केट किंवा फिल्टरचे रबरी कडे दोषी असते. बोल्ट अतिरिक्त आवळल्यास झाकण वाकून गळती वाढते. क्रँकशाफ्टचे मागील सील बदलण्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. ही बाब किरकोळ नव्हे.