बगळ्यांच्या पिसांचा व्यापार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे मिरवण्याची प्रथा फोफावली आणि त्यात सर्वाधिक मागणी बगळ्यांच्या विणीच्या पिसांना, म्हणजे अंडी घालण्याच्या हंगामात त्यांच्या पाठीवर उगवणाऱ्या तलम, झालरीसारख्या पिसांना आली. ही पिसे त्याच हंगामात येत असल्याने शिकारी सारंगागारांवर, म्हणजे बगळे एकत्र घरटी बांधतात त्या झाडांवर, धाड घालत; परिणामी मोठे पक्षी मारले जात आणि मागे राहिलेली पिल्ले भुकेने मरत. या व्यापाराचे खरे क्रौर्य या दुहेरी संहारात होते.

त्याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांची संस्था स्थापली. अन्नासाठी न मारलेल्या पक्ष्याचे पीस वापरायचे नाही, अशी शपथ सदस्य घेत. शहामृग तेवढा अपवाद होता. लंडनजवळच्या क्रॉयडन येथील गटाशी एकत्र आलेल्या या संस्थेला १९०४ मध्ये राजसनद मिळाली.

भारत सरकारने १९०२ मध्येच पिसांची निर्यात रोखली होती, तरी चोरटा व्यापार थांबला नाही. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर बगळे पाळून त्यांची पिसे काढली जात, आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात या पालनाची चर्चा झाली. ब्रिटनने मात्र आयातबंदीचा कायदा १९२१ मध्ये केला, आणि त्यातही पिसांची विक्री व वापर यांवर बंदी नव्हती.