अतिरेकी

बीबी गावच्या बसथांब्यावर परवा एका सोवळेकरी आजोबांना कोणीतरी सहज ‘अतिरेकी’ म्हणाले. तेव्हापासून हा शब्द मला टोचतो आहे.

‘रिच्’ म्हणजे रिकामे करणे. रिक्त, विरेचन, आपला ‘रिकामा’ ही सारी याच धातूची लेकरे. ‘अति’ जोडला की अर्थ उलटतो: भरून वर उरणे. अतिरिक्त आणि अतिरेक तिथले. पिकात पाणी साचले की शेतकरी आजही ‘पावसाचा अतिरेक’ म्हणतो. या शब्दात मुळात बंदूक नव्हती, ती वर्तमानपत्रांनी दिली.

त्याच्याच जोडीने वापरला जाणारा ‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द मात्र भाषांतरातून आलेला. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात ख्रिस्ती मूलतत्त्वांवर पुस्तिका निघाल्या. त्यांच्या नावावरून १९२० मध्ये तिकडे त्याचा मूळ इंग्रजी शब्द घडला. धर्माच्या मूलतत्त्वांना घट्ट धरून राहणारा, हा त्याचा अर्थ.

१९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा सनातन्यांनी शास्त्राधार दाखवत विरोध केला. तो विरोध अन्यायाचाच होता, तरी तो मूलतत्त्ववाद. पण २५ जून १९३४ ला पुण्यात गांधीजींची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब टाकला गेला, तो अतिरेक.

आज हे दोन्ही शब्द एकाच मथळ्यात सर्रास अदलाबदल करून येतात. त्या आजोबांना कर्मठ म्हणा, त्यांच्याशी वाद घाला. अतिरेकी म्हणू नका.