कॅडेन्स

पाश्चात्त्य संगीतात वाक्याचा, वाक्यखंडाचा किंवा संपूर्ण रचनेचा शेवट ज्या हालचालीने घडतो तिला कॅडेन्स म्हणतात. ही हालचाल बहुधा शेवटच्या दोन कॉर्ड्सवरून ओळखली जाते, त्यामुळे क्रमिक पुस्तकांत कॅडेन्सची मांडणी ठरावीक जोड्यांच्या रूपात आढळते. ती मांडणी अपुरी आहे. डॉमिनंट आणि टॉनिक ही जोडी एकाच वाक्याच्या मध्यात अनेकदा येऊ शकते, आणि तरीही तिथे कॅडेन्स होत नाही. वाक्याची बांधणी, तालातील वजन, वरच्या सुरावटीचा उतार आणि बासची चाल हे सगळे एका ठिकाणी जुळले, तरच काहीतरी संपले असे कानाला वाटते. जोडी हे कॅडेन्सचे साधन आहे. कॅडेन्स ही त्या जागी घडणारी घटना आहे.

या नोंदीत टॉनिकला सा मानून भारतीय स्वरनामे वापरली आहेत. मेजर स्केलमध्ये टॉनिक कॉर्ड सा-ग-प, सबडॉमिनंट म-ध-सा आणि डॉमिनंट प-नि-रे अशी होते. डॉमिनंटमध्ये म मिळवला की प-नि-रे-म ही डॉमिनंट सेव्हन्थ तयार होते, आणि शेवटाकडे नेणारी सर्वांत मोठी ओढ तिच्यात असते. म आणि नि यांच्यात तीन पूर्ण स्वरांचे अंतर आहे. हे अंतर कानाला अस्वस्थ करते, आणि ती अस्वस्थता मिटवण्याची वाटही तयारच असते: नि अर्ध्या स्वराने वर चढून सा वर जातो, म अर्ध्या स्वराने उतरून ग वर येतो. त्याच वेळी बास प वरून थेट सा वर येतो. दोन स्वर अगदी जवळची पायरी गाठतात आणि खालचा स्वर मोठी उडी घेतो. या तिन्ही हालचाली एकदम होतात म्हणून शेवट पक्का वाटतो.

लुडविग फान बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीताची चाल बहुतेक वाचकांच्या कानावर असते. १८२४ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झालेल्या या रचनेच्या अखेरच्या भागात ही चाल सर्वप्रथम चेलो आणि डबल बास ही खर्जातील वाद्ये एकटी वाजवतात, सोबतीला एकही कॉर्ड नसते. पहिली ओळ रे वर थांबते. दुसरी ओळ जवळजवळ तशीच आहे, पण ती सा वर येऊन टेकते. पहिल्या ओळीनंतर ऐकणारा पुढच्या ओळीची वाट पाहतो, दुसरीनंतर पाहत नाही. रे हा प-नि-रे मधला स्वर, सा हा सा-ग-प मधला. कॉर्ड वाजल्या नाहीत तरी सरावलेला कान त्या मनात भरून घेतो. कॅडेन्स केवळ कॉर्ड्सची जोडी असती, तर या उघड्या सुरावटीत ती ऐकूच आली नसती.

प्रकार. डॉमिनंटवरून टॉनिकवर येणाऱ्या कॅडेन्सला ऑथेंटिक म्हणतात. दोन्ही कॉर्ड्सचा मूळ स्वर बासमध्ये असेल आणि शेवटी सर्वांत वरचा स्वरही सा असेल, तर ती परफेक्ट ऑथेंटिक. वर ग किंवा प राहिला, अथवा बासमध्ये मूळ स्वर नसला, तर शेवट थोडा सैल होतो. वाक्य डॉमिनंटवरच थांबले तर ती हाफ कॅडेन्स; आनंदगीताची पहिली ओळ हे तिचे उदाहरण.

प्लेगल कॅडेन्समध्ये सबडॉमिनंटवरून टॉनिकवर येतात. सा दोन्ही कॉर्ड्समध्ये असतो आणि नि कुठेच नसतो, म्हणून ओढ कमी आणि विसावा जास्त. चर्चमध्ये स्तोत्राच्या शेवटी ‘आमेन’ याच चालीवर म्हणतात. १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम सादर झालेल्या हँडेलच्या ‘मसाया’तील हॅलेलुया कोरस अखेरीस एकाएकी स्तब्ध होतो आणि त्या शांततेनंतर प्लेगल कॅडेन्सनेच संपतो.

डिसेप्टिव्ह कॅडेन्समध्ये डॉमिनंट येते, सगळी तयारी होते, पण बास प वरून सा वर जाण्याऐवजी एकच पायरी चढून ध वर जातो. ध-सा-ग या कॉर्डमध्ये टॉनिकचे दोन स्वर आहेत, त्यामुळे अपेक्षा अर्धी पुरी होते आणि वाक्य पुढे ढकलले जाते. मायनरमध्ये बास कोमल ध वरून प वर उतरून थांबला तर तिला फ्रिजियन कॅडेन्स म्हणतात. योहान सेबास्टियान बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत दोन वेगवान भागांच्या मध्ये संथ भाग म्हणून फक्त दोन कॉर्ड्स लिहिलेल्या आहेत, आणि त्या म्हणजे ही कॅडेन्स. मायनरमधील रचना शेवटच्या कॉर्डमध्ये शुद्ध ग घेऊन मेजरवर संपवण्याची पद्धतही जुनी आहे. त्या स्वराला पिकार्डी थर्ड म्हणतात.

नावांचा गोंधळ मात्र खरा आहे आणि विद्यार्थ्यांना तो नडतो. ब्रिटिश परंपरेत इम्परफेक्ट म्हणजे डॉमिनंटवर थांबणारी कॅडेन्स, जिला अमेरिकी परंपरा हाफ म्हणते. अमेरिकी पुस्तकांत इम्परफेक्ट हे विशेषण सैल ऑथेंटिकसाठी राखलेले असते. ब्रिटिश इंटरप्टेड तीच अमेरिकी डिसेप्टिव्ह. मुंबई, पुणे आणि गोव्यात ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा देणारी मुले ब्रिटिश नावे शिकतात आणि इंटरनेटवरचे धडे बहुधा अमेरिकी नावांनी ऐकतात. एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

इतिहास. कॅडेन्स कॉर्डच्या कल्पनेहून जुनी आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात आणि रेनेसाँसच्या काळात ती दोन आवाजांची चाल होती: एक आवाज रे वरून सा वर उतरे, दुसरा नि वरून वरच्या सा वर चढे, आणि दोघांतले सहाव्याचे अंतर रुंदावून सप्तक होई. चौदाव्या शतकात या चढत्या आवाजाने नि वरून आधी ध ला स्पर्श करून मग सा वर जाण्याची रीत लोकप्रिय झाली. फ्लॉरेन्सचा फ्रांचेस्को लांदिनी याच्या नावाने ती ओळखली जाते. जोसेफ्फो त्सार्लिनो याच्या १५५८ च्या ग्रंथातही कॅडेन्सचा विचार आवाजांच्या चालीतूनच केलेला आहे. या दोन आवाजांखाली तिसरा, खर्जातला आवाज बसवताना रे आणि नि या दोघांशी जुळणारा प हाच सोयीचा स्वर ठरतो, आणि पुढच्या क्षणी तो सा वर येतो. डॉमिनंट-टॉनिक ही जोडी अशी जन्मली. आज जिला पाया मानतात ती बासची उडी मुळात दोन आवाजांना दिलेला आधार होती.

झाँ-फिलिप रामो याने १७२२ मध्ये हार्मनीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा क्रम उलटा केला. त्याच्या विचारात कॉर्ड आणि तिचा मूळ स्वर आधी, आवाजांची चाल नंतर. हार्मनीच्या शिक्षणावर त्याची छाप आजतागायत आहे, आणि कॅडेन्सला जोड्यांची यादी समजण्याच्या सवयीचे मूळही त्यातच शोधावे लागते. त्याच साली बाखने ‘वेल-टेंपर्ड क्लाव्हिये’चा पहिला भाग सिद्ध केला, त्यातील सी मायनरचे प्रेल्यूड आणि फ्यूग दोन्ही पिकार्डी थर्डवर संपतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅडेन्सला रंगमंचाचे रूप आले. मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोत पहिला भाग संपत आला की ऑर्केस्ट्रा बासमध्ये प धरून वर सा आणि ग घेते आणि थबकते. इथे एकट्या वादकाला मोकळे सोडले जाते. आधी आलेल्या कल्पनांशी तो मनसोक्त खेळतो. याला काडेन्झा म्हणतात. शेवटी तो डॉमिनंट सेव्हन्थवर रे चा लांब ट्रिल घेतो, आणि ऑर्केस्ट्रा सा वर एकदम आत येते. सगळी काडेन्झा एका कॅडेन्सच्या पोटात मावलेली असते: पहिली कॉर्ड आणि शेवटची कॉर्ड यांच्यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात, पण ऐकणाऱ्याची अपेक्षा सुटत नाही.

ही अपेक्षा पक्की झाली म्हणूनच ती मोडण्यात अर्थ आला. बेथोव्हेनची पहिली सिंफनी १८०० मध्ये व्हिएन्नात सादर झाली. ती सी मेजरमध्ये आहे, पण पहिल्याच ठोक्याला ती एफच्या कॅडेन्सने उघडते, म्हणजे शेवटाच्या चालीने सुरुवात, तीही दुसऱ्याच सा ची. रॉबर्ट शुमानच्या १८४० मधील ‘डिख्टरलीब’चे पहिले गीत डॉमिनंट सेव्हन्थवर थांबते आणि तिथेच संपते. रिखार्ड व्हाग्नरच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ या १८६५ मध्ये म्युनिकला प्रथम झालेल्या ऑपेरात हा विलंब नाट्याचाच विषय झाला आहे. प्रस्तावनेतील सुरुवातीची वाक्ये डॉमिनंट सेव्हन्थवर अडतात, आणि पुढे मोठा शेवट येईल असे वाटते तिथे डिसेप्टिव्ह कॅडेन्स येते. दुसऱ्या अंकातील प्रेमिकांचे युगुलगीत कॅडेन्सच्या ऐन उंबरठ्यावर असताना राजा मार्क येतो आणि ते तुटते. तेच संगीत इझोल्डच्या अखेरच्या गायनात परत येते आणि तिथे पूर्ण होते. अखेरचा विसावाही प वरून नव्हे, तर कोमल ध असलेल्या सबडॉमिनंटवरून येतो. एका अडलेल्या कॅडेन्सवर तीन अंक तोलून धरण्याचे हे काम हार्मनीच्या इतिहासात अजोड आहे.

विसाव्या शतकात वाटा फुटल्या. जॅझमध्ये रे-म-ध-सा, प-नि-रे-म, सा-ग-प-नि ही तीन कॉर्ड्सची साखळी कणा ठरली. बारा मात्राखंडांच्या ब्लूजमध्ये डॉमिनंटनंतर सबडॉमिनंट येऊन मग टॉनिक येते. अलीकडची अनेक पॉप गाणी चार कॉर्ड्स गोल फिरवत ठेवतात. त्यांत कॅडेन्स शोधत बसू नये, तिथे शेवटाचे काम शब्द आणि ताल करतात.

भारतीय संदर्भ. सम किंवा तिहाई म्हणजे आपली कॅडेन्स, असे कधीकधी सांगितले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. तिहाईची ओढ मात्रांच्या हिशेबातून येते. कॅडेन्सची ओढ सा पासून दूर गेलेल्या बासमधून येते. तानपुऱ्याचा सा अखंड वाजत असतो, तो सोडून कुठे जायचेच नसते, म्हणून तिकडे परतण्याची ही जात रागसंगीताला लागत नाही. रागातील न्यासस्वराशी तुलना अधिक जवळची आहे, कारण तिथेही वाक्याचा मुक्काम कोणत्या स्वरावर हा प्रश्न असतो.

प्रत्यक्ष दुवा गोव्याचा आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन आणि अनेक आवाजांत गाणे शिकवले जाई. तिथे तयार झालेले वादक आणि संयोजक मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत आले; शंकर-जयकिशन यांच्यासाठी संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतील ठळक नाव. रागावर बेतलेल्या चालीखाली बास कुठे हलवायचा आणि व्हायोलिनचा ताफा कोणत्या कॉर्डवर विसावायचा, हे ठरवणे अशा संयोजकांचे काम होते.

कॅडेन्स कानाने ओळखायला शिकणाऱ्याने जोड्या पाठ करण्याआधी बास गुणगुणावा. वाक्य संपताना तो प वरून सा वर आला, म वरून सा वर आला, प वरून ध वर गेला, की प वरच राहिला, एवढे चारच प्रश्न विचारावेत. हार्मोनियमवर किंवा कीबोर्डवर प-नि-रे-म दाबून धरावे आणि सा-ग-प वाजवण्याआधी क्षणभर थांबावे. नि कुठे जाऊ पाहतो ते बोटांनाच कळते.