तीन दिवस नदीतून तरंगत, हातात गळ : दिग्रसच्या आसपास अशी सफर आखता येते का?

मोबाइलवर असे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेले असतात. फुगवलेली बोट संथ पाण्यावरून चाललेली असते, एक जण लांब काठीने हवेत दोरीचे वळसे घेत असतो आणि संध्याकाळी वाळूवर तंबू पडतो. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. याला परदेशात 'फ्लोट ट्रिप' म्हणतात आणि त्या मासेमारीला 'फ्लाय फिशिंग'. व्हिडिओखाली कुणीतरी हमखास विचारतं, "आपल्याकडे होईल का हे?"

दिग्रसपुरतं उत्तर द्यायचं तर, थोडंसं होईल. पण ते होण्याआधी नदी, धरण, बंधारे, मच्छीमार आणि जंगल या पाचांचा हिशोब मांडावा लागतो. बोट कुठली घ्यायची हा त्यानंतरचा प्रश्न.

आधी पाणी कुठलं ते पाहू

दिग्रस गावातून धावंडा नदी वाहते. पावसाळ्यात ती घरांत शिरते आणि उन्हाळ्यात दिसेनाशी होते, त्यामुळे बोटीसाठी ती बाद. गावाजवळची खरी नदी अरुणावती. वाशीम जिल्ह्यातून येणाऱ्या या नदीवर दिग्रसजवळ मातीचं धरण आहे. धरणाखाली ती आर्णीकडे जाते आणि तिचं पाणी शेवटी पैनगंगेला मिळतं.

पैनगंगा मोठी. बुलढाण्याच्या डोंगरातून निघून ती इसापूरच्या धरणात अडते, पुढे उमरखेड-हदगावच्या पट्ट्यातून सहस्रकुंडाच्या धबधब्यावर येते, अभयारण्याला वळसा घालते आणि तेलंगणाची सीमा आखत वणीच्या बाजूला वर्धा नदीला मिळते. नकाशावर पाहिलं तर आठवडाभर तरंगता येईल इतकी ती लांब आहे. मात्र नकाशात पाणी किती आहे ते दिसत नाही.

खरी अडचण : गढूळ की उथळ?

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसं, दोरा आणि केस गुंडाळून किडा, बेडकी किंवा लहान मासळी दिसेल असा हलका गळ बनवतात. त्याला वजन नसतं, म्हणून तो फेकताही येत नाही. फेकली जाते ती जाड, वजनदार दोरी आणि तिच्या टोकाला असलेल्या बारीक धाग्यामागून गळ जातो. हवेतले ते वळसे दिखाव्याचे नसतात, दोरीत जोर भरण्यासाठीच ते घेतात.

या गळाला वास नसतो. मासा त्याला बघून येतो, त्यामुळे पाणी नितळ हवं. उलट बोट तरंगायला पाणी भरपूर हवं. आपल्या नद्यांचं गणित नेमकं इथे अडतं. ऑगस्टमध्ये पाणी भरपूर असतं, पण चहासारखं. जानेवारीत ते नितळ होतं, पण बोट खांद्यावर घेऊन चालावं लागतं. दोन्ही गोष्टी जेमतेम जुळतात त्या पाऊस उघडल्यानंतरच्या काही आठवड्यांत, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. परतीचा पाऊस लांबला तर हा काळही पुढे सरकतो.

पाणी मोजायची सोपी रीत

निघण्याच्या आदल्या आठवड्यात नदीवर जाऊन हे करता येतं. सरळ वाहणाऱ्या जागी काठावर 10 मीटर अंतर मोजून खुणा करायच्या, प्रवाहात काटकी टाकायची आणि सेकंद मोजायचे. समजा तिला 20 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून सरासरी वेग त्याच्या आठ दशांश, म्हणजे 0.4 धरायचा. पात्र 20 मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असेल, तर 20 गुणिले 0.5 गुणिले 0.4 म्हणजे सेकंदाला 4 घनमीटर, अर्थात 4 क्युमेक. बातम्यांत ऐकू येणाऱ्या क्युसेकमध्ये सांगायचं तर सुमारे 141.

हा आकडा लक्षात ठेवण्याचं कारण पुढे आहे. 'धरणातून दोन हजार क्युसेक विसर्ग' ही बातमी पावसाळ्यात कुणी वाचतही नाही, इतकी ती किरकोळ वाटते. पण ज्या पात्रात 141 क्युसेक वाहतंय आणि ज्याच्या वाळूवर तंबू ठोकलाय, तिथे हे पाणी चौदा पटींनी जास्त असतं आणि ते रात्रीही येऊ शकतं. म्हणून धरणाखालच्या पात्रात उतरण्याआधी पाटबंधारे विभागाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन विसर्गाचं वेळापत्रक विचारणं हे नियोजनातलं पहिलं काम. तंबूही पात्रातल्या वाळूवर टाकायचा नाही. पुराने आणलेला काडीकचरा झुडपांत जिथे अडकलेला दिसतो, त्या रेषेच्या वर टाकायचा.

या जिल्ह्यात पाण्याचा भरवसा धरू नये याची उदाहरणं ताजी आहेत. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यात एसटी बस वाहून गेली आणि माणसं दगावली. 22 जुलै 2023 रोजी महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलावण्यात आली. दहागावचा तर नाला होता, नदीही नव्हे.

बंधारे : सगळ्यात मोठा धोका, सगळ्यात साधा दिसणारा

धबधबा लांबूनच ऐकू येतो, बंधारा येत नाही. बोटीतून पाहिलं तर समोर फक्त एक सरळ, शांत रेषा दिसते. त्या रेषेपलीकडे पाणी कोसळतं आणि खाली उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे येतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, भिंतीकडे ओढला जातो आणि परत खाली जातो. लाइफ जॅकेट असूनही लोक यात बुडतात. दोन-तीन फुटांच्या पडीलाही हे होतं.

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांचं गणित आणखी निराळं. पावसाळा सरला की खांबांच्या मधल्या खाचांत बरगे टाकून पाणी अडवतात. बरगे टाकले की वर तलाव होतो आणि खाली पात्र कोरडं पडतं. बरगे काढलेले असले तर सगळं पाणी खांबांमधल्या अरुंद फटींतून घुसतं आणि तिथे अडकलेल्या ओंडक्या-फांद्यांवर बोट आडवी बसते. म्हणजे सफरीचा जो काळ चांगला, त्याच काळात बरगे बसवायचं काम चालू असतं. कुठल्या बंधाऱ्याचे बरगे बसले हे उपग्रहाच्या चित्रावरून कळणार नाही. त्या गावात फोन करून किंवा मोटरसायकलवर काठाकाठाने फिरूनच ते कळतं. प्रत्येक बंधाऱ्याआधी शंभरेक मीटर वर काठाला लागायचं आणि बोट उचलून पलीकडे न्यायची. एका ठिकाणी यात पाऊण तास सहज जातो.

सहस्रकुंडाचा धबधबा तर बोटीने पार करण्याची जागाच नाही. तिथली सफर त्याच्या बरीच आधी संपवायची.

दिवसाला किती किलोमीटर?

नवखे लोक इथेच चुकतात. नकाशावर दोन गावांमध्ये 20 किलोमीटर दिसले तरी नदीची वळणं धरून ते 30 होऊ शकतात. म्हणून अंतर नदीच्या रेषेवरूनच मोजायचं. वाहत्या पाण्यात बोट ताशी तीन-चार किलोमीटर जाते, डोहांत वल्हवलं नाही तर जागेवरच थांबते. त्यात मासे धरायला थांबणं, बंधारे, जेवण आणि उजेड असताना तंबू लावणं. इतकं सगळं धरलं की दिवसाला 10 ते 12 किलोमीटर पुरे. तीन दिवसांची सफर म्हणजे तीसेक किलोमीटर. रोज दुपारी बाहेर पडता येईल असा एक पूल किंवा गाडीरस्ता नकाशावर आधीच खुणावून ठेवावा आणि एक गाडी शेवटच्या ठिकाणी आदल्या दिवशीच उभी करावी.

पिण्याचं पाणी सोबत न्यायचं

पाण्यावर निघालेल्या माणसाला पाणी वाहून न्यायला सांगणं विचित्र वाटेल. पण हा कापसाचा पट्टा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर हे फवारणीचे दिवस असतात. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तीच औषधं पावसाबरोबर शेतातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत उतरतात. उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. माणशी रोज चार लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांसाठी 48 लिटर, म्हणजे 48 किलोचं वजन. ते नको असेल तर काठावरच्या गावांतून रोज आरओचा जार भरून घ्यायची सोय आधी बघावी.

मासा कुणाचा?

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर पाणी मोकळं दिसलं म्हणून ते मोकळं असतंच असं नाही. महाराष्ट्रात जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. संस्था मत्स्यबीज सोडते आणि त्यावर भोई-ढिवर कुटुंबांची चूल पेटते. त्या पाण्यात पाहुण्याने हौसेसाठी गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणं. संस्थेला विचारून, ठरलेली रक्कम देऊन आणि मासा सोडून देण्याचं कबूल करून बहुतेक ठिकाणी गोष्ट जमू शकते. शिवाय डोह कुठे, खडक कुठे, मगर दिसते का, हे थर्माकोलच्या तुकड्यावर बसून रोज जाळं टाकणाऱ्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. त्यालाच वाटाड्या म्हणून मजुरी देऊन सोबत घ्यावं.

अभयारण्याची बाब मात्र सरळ आहे. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्कामही नाही आणि गळही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मासाही वन्यजीवांतच मोडतो. आणि हा प्रश्न निव्वळ कागदाचा नाही. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक वाघ याच मुलखातून हजार किलोमीटरांहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नद्या-नाल्यांचे काठ हे असल्या जनावरांचे रस्ते असतात.

गळाला काय लागेल?

या पाण्यात रोहू, कटला, शिंगाळा, वाम सापडतात, पण पिसांच्या गळासाठी खरा गडी म्हणजे मरळ. तो हवेतून श्वास घ्यायला वर येतो, त्यामुळे त्याची जागा कळते, आणि पाण्यावरून सरकणाऱ्या बेडकीवर तुटून पडतो. गवताच्या कडेला पृष्ठभागावर तरंगणारा गळ आणि सात-आठ नंबरची नऊ फुटी काठी त्याला पुरते. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा हलताना दिसला तर तिथे गळ टाकू नये. खाली नर-मादी राखणीला असतात आणि ते उचलले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. मासा सोडायचा असेल तर बिनकाट्याचा गळ वापरावा, हात ओले करून धरावा आणि फोटो पाण्यावरच उरकावा.

महसीर, म्हणजे आपल्याकडचा खडस, हे हौशी गळवाल्यांचं मोठं स्वप्न. दख्खनच्या नद्यांत तो फार विरळ झाला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करून बीज देशभर सोडलं जातं, ते त्यामुळेच.

आणि पूर्ण सफरच हवी असेल तर

तर उत्तरेत जावं लागतं. उत्तराखंडात पंचेश्वरला सरयू आणि काली नद्यांचा संगम आहे. तिथून टनकपूरकडे काली नदीने उतरत, वाळूवर मुक्काम करत, तीन-चार दिवसांची महसीरची सफर करता येते. दिल्लीहून टनकपूरपर्यंत रेल्वे जाते. पलीकडचा काठ नेपाळचा, त्यामुळे ओळखपत्र जवळच ठेवायचं. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना मिळतो, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बंदी असते. म्हणजे विदर्भातला हंगाम संपत येतो तेव्हा तिथलं दार बंद असतं. मार्च-एप्रिल धरून चाललेलं बरं.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात स्मिथ नदीचा 59 मैलांचा, म्हणजे सुमारे 95 किलोमीटरचा पट्टा या प्रकारासाठी नावाजलेला आहे. तिथे बोट घालायची जागा एक, काढायची जागा एक आणि परवाने सोडतीने निघतात. अर्ज वसंताच्या आधीच भरावा लागतो. स्वतःची विष्ठासुद्धा डब्यात भरून परत आणायची, असा तिथे नियम आहे. आपल्याकडे तो नाही, पण खाली ज्या गावाच्या नळाला हेच पाणी जातं, त्यांचा विचार करून निदान पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर खड्डा खणायला हरकत नसावी.

दिग्रसहून पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन दिवसांचा हट्ट धरू नये. ऑक्टोबरअखेरीस एक दिवस, दहा किलोमीटर, दोन बोटी, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, एक जादा वल्हं, वीस मीटर दोर, पंप आणि पंक्चरचं सामान. घरी एका माणसाकडे मार्गाचा नकाशा आणि 'सहा वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळव' एवढा निरोप. जंगलाजवळ असाल तर वनविभागाचा 1926 हा क्रमांकही जवळ असू द्यावा. त्या एका दिवसात किती बंधारे लागले, किती वेळा बोट उचलावी लागली आणि किती तास प्रत्यक्ष गळ पाण्यात होता, हे वहीत टिपून ठेवलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा मार्ग त्यावरूनच ठरवता येतो.