टाळीचा धनी

आमचे आबा तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना पडदा कोरा पडायचा आणि तंबूत गलका उठायचा. तमाशापट असला की तेवढ्यात दोन-चार पोरं उभी राहायची. एक हात कमरेवर, मान तिरकी, डोळे मोठे, आणि आडव्या तळव्यांची फटकन टाळी. ‘आत्ता गं बया!’ मधल्या दोरीपलीकडे बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आबा म्हणायचे, नायकाची नक्कल कुणी करत नसे; नक्कल व्हायची ती गणपत पाटलांची.

गणपत पाटील कोल्हापूरचे. वडील लवकर गेले, घर चालवायला पोरवयातच मिळेल ते काम अंगावर घेतलं. मेळ्यांतून कामं केली, रामायणाच्या खेळात सीता झाले. राजा गोसावींच्या ओळखीनं स्टुडिओत शिरकाव झाला. तिथं सुतारकाम, रंगभूषेत हाताखालचं काम आणि गर्दीत उभं राहणं. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी ‘मीठभाकर’ या चित्रपटात त्यांना काम दिलं. गांधीहत्येनंतरच्या 1948च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ पेटला, ‘मीठभाकर’ही जळाला. भालजींनी दोन्ही पुन्हा उभं केलं. त्या काळच्या कोल्हापुरात धडपडणाऱ्या माणसाला राखेतून उठण्याचा हा धडा समोरच दिसत होता.

पुढे ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकात ते नाच्या, म्हणजे तमाशातला बायकी हावभाव करणारा पुरुष, झाले. भूमिका तुफान गाजली आणि तीच त्यांच्या नावाला चिकटली. ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’ अशा चित्रपटांतून महाराष्ट्रानं त्यांना पाहिलं ते याच रूपात.

नाच्याचं काम हलकं समजतात, ते चूक आहे. आबांनी खरे फड पाहिलेले. ते सांगायचे, ‘लावणी संपली की बाईला दम घ्यायला येळ लागतोय. तेवढा येळ फड धरायचा कुणी? नाच्यानं.’ सोंगाड्याला टोला द्यायचा, ढोलकीवाल्याला चिथवायचं, पुढच्या रांगेतल्या पाटलाची फिरकी घ्यायची, पण बाईच्या अदेवर आपली अदा चढू द्यायची नाही. गणपत पाटलांची जुनी दृश्यं आज पाहताना माझी नजर त्यांच्या हाताकडेच जाते. टाळी ते ठेक्याच्या केसभर मागं वाजवतात. वाक्य संपतं, समोरचा गोंधळतो, आणि मग टाळी. हशा तिथं फुटतो. हे ज्याला अंगात भिनलंय त्यालाच जमतं. त्यांना दुय्यम नट म्हणणाऱ्यांनी त्यांना काढून असा एखादा प्रसंग एकदा मनात उभा करून बघावा.

आमची आजी मात्र त्यांना पाहून हसली तरी ‘बायकी मेला’ असं म्हणायची. आबा त्यावर एकदाच चिडलेले मला आठवतात. ‘बायकापोरांचा धनी हाय त्यो. पोट भरतोय कलेवर. तू जेवताना त्याला नावं ठिवू नगंस.’ आजी गप्प झाली, पण तिच्यासारखंच मानणारे गावोगाव होते. पडद्यावरचा खलनायक घरी सज्जन असतो, एवढं प्रेक्षक समजून घ्यायचे. नाच्याच्या बाबतीत ती समजूत कुणी दाखवली नाही. त्या प्रतिमेची झळ त्यांच्या घरच्यांनाही लागली. निर्मात्यांनीही त्यांच्याकडून तेच मागितलं, पुन्हा पुन्हा. ज्या नटाला नेमका ठेका कळत होता, त्याला एखादा करारी बाप, एखादा हरलेला शेतकरी द्यायला काय हरकत होती? याचा मला आजही राग येतो.

2008 साली कोल्हापुरात ते गेले. 2010च्या पहिल्या दिवशी आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ हा चित्रपट आला. पैलवानकीचं अंग असलेला गुणा नाच्या होतो आणि त्यापायी घर, गाव, अब्रू गमावतो. अतुल कुलकर्णींनी ती भूमिका जीव ओतून केली. थिएटर भरलेलं होतं. गुणाची विटंबना झाली तेव्हा लोक रडत होते, आणि मी आबांच्या तंबूतल्या त्या पोरांचा विचार करत होतो. नाच्याचं दुःख पडद्यावर मधोमध मांडलं गेलं, याचा आनंद होता. ते मांडायला गणपत पाटलांपेक्षा लायक माणूस आपल्याकडे पन्नास वर्षं होता; कुणी त्यांना तशी संहिता नेऊन दिली नाही.