सीमा ओलांडणारा हक्क

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव मलप्रभेचे उगमस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. गावाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर पडलेला पाऊस मात्र म्हादईत जाऊन अरबी समुद्राची वाट धरतो. पाणी जिथे दोन वाटांना लागते, तिथेच कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमा एकमेकींजवळ येतात. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारा रस्ता यातूनच जातो. आपली मुले याच वाटेने कामाला जातात, बेळगावची भाजी याच वाटेने गोव्याच्या बाजारात पोहोचते. पावसाळ्यात धुके उतरले की घाटातली वळणे धोक्याची होतात.

समजा, घाटाखाली सत्तरी तालुक्यात गोव्याच्या एखाद्या गाडीने कणकुंबीचा तरुण जखमी झाला, तर त्याच्या घरच्यांनी दाद कोठे मागायची? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

जुन्या इंग्रजी कायद्याचा एक विचित्र नियम होता. माणूस जखमी झाला तर तो दावा लावू शके; पण तो मेला तर त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरे! म्हणजे हात मोडणाऱ्याने पैसे द्यावेत आणि जीव घेणाऱ्याने सुटावे. इंग्लंडमध्ये हा अन्याय १८४६ साली दूर झाला. हिंदुस्थानात त्याच धर्तीवर १८५५चा प्राणांतिक अपघात कायदा आला आणि मृताची पत्नी किंवा पती, आईवडील व मुले यांना भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६पासून लागू झाली. या शेवटच्या बदलाचे महत्त्व मोठे आहे. तोवर गाडीचा मालक कफल्लक निघाला की निकाल कागदावरच राहायचा. आता विमा कंपनी मागे उभी राहिली. तरीही दावा दिवाणी न्यायालयातच लावावा लागे.

पुढे १९५६ साल उजाडले. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातल्या घराघरात ही तारीख पाठ आहे. त्याच वर्षी संसदेने मोटार वाहन कायद्यात केलेली दुरुस्ती मात्र फारशी कुणाच्या स्मरणात नाही. तिच्यामुळे १९५७च्या फेब्रुवारीपासून राज्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे नेमता येऊ लागली. आपले राज्य बदलले आणि अपघातग्रस्ताला स्वतंत्र न्यायासन मिळाले, ते असे काही महिन्यांच्या अंतराने.

परंतु या न्यायासनाला एक अट होती. अपघात ज्या हद्दीत घडला, तेथेच अर्ज करायचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही अट जाचली नसेल. आपल्याला ती फार जाचणारी होती. चंदगडात अपघात झाला तर कोल्हापूर जिल्हा, घाटाखाली झाला तर गोवा. गोव्यात तर १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांचाच कायदा होता. गोवा मुक्त झाला तरी कणकुंबीच्या कुटुंबाला तारखेसाठी घाट उतरावाच लागे. परका गाव, परका वकील, एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी हे सारे पाहता हाती पडेल ते घेऊन गप्प बसणेच परवडे. अवघ्या काही मैलांवर झालेल्या अपघातालाही राज्याची सीमा अशी आडवी येत होती.

१९८८च्या नव्या कायद्यातही ही अट राहिली. ती सैल झाली १४ नोव्हेंबर १९९४पासून लागू झालेल्या दुरुस्तीने. आता अर्जदाराला तीन वाटा मोकळ्या आहेत : अपघात घडला तेथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे. घाटाखाली गोव्याच्या गाडीने केलेल्या अपघाताचा अर्ज म्हणूनच आपल्या बेळगाव जिल्ह्यात करता येतो. मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असून मूळ कायदा केंद्राचा आहे. अमेरिकेत इजेच्या भरपाईचे नियम आणि दाव्याची मुदत राज्याराज्यांत निराळी असते. आपल्याकडे सीमेच्या दोन्ही बाजूंना हा हक्क एकच आहे, ही गोष्ट आपण मनात पक्की धरली पाहिजे.

१९९४च्या दुरुस्तीने अर्जाची मुदतही काढून टाकली होती. २०१९च्या दुरुस्तीने ती परत आणली. १ एप्रिल २०२२पासून अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन आले. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला. पण अशा आदेशावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. दहावे-बारावे, वर्षश्राद्ध, मग बघू, असे म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात.

आता पैशाचा हिशेब. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कम १९८२ साली मृत्यूसाठी १५ हजार होती. १९८८च्या कायद्यात ती २५ हजार, १९९४मध्ये ५० हजार, आणि २०२२पासून मृत्यूला ५ लाख व गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी झाली. पळून गेलेल्या, न सापडलेल्या गाडीच्या अपघातात मृत्यूला २ लाख व गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर हिशेब वेगळा होतो. त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे.

उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना १५ हजार मिळवणारा माणूस दगावला. मागे चार अवलंबून असणारी माणसे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार. भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २ लाख ५२ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १ लाख ८९ हजार. त्या वयाचा गुणक १६. एकूण ३० लाख २४ हजार. शिवाय अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम वेगळी.

कुठे ५ लाख आणि कुठे ३० लाख! आणि मेख अशी की ठरावीक रक्कम कायद्यातल्या रीतीने तडजोड म्हणून स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. चालकाची चूक दाखवणारा पुरावाच नसेल तर ५ लाख घेणे रास्तच. पण साक्षीदार असताना, हिशेब न करता, न वाचता आलेल्या कागदावर सही करणे म्हणजे लेकरांच्या तोंडचा घास देऊन टाकणे होय.

न वाचता आलेला कागद, हेच आपले खरे दुखणे. फिर्याद आणि पंचनामा कन्नडमध्ये, विम्याचे कागद इंग्रजीत, आणि घरात वाचता येते ते मराठी. अशी पाकिटे घेऊन माणसे शाळेत येतात आणि मी कन्नड शिक्षकांना बोलावून ती वाचून घेतो. फिर्याद नोंदवल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या भाषेत समजावून सांगा, असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. शेजारच्या कन्नड घरातला शिकलेला मुलगाही हे काम आनंदाने करील. राजकारणात भाषेचा वाद असो; अपघाताच्या वेळी दोन भाषा येणारा शेजारी हाच मोठा आधार असतो.

शाळेच्या दाखल्याचे मोलही येथे कळते. गुणक वयावर ठरतो. हरयाणातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने आधार कार्डावरचे वय धरून १३चा गुणक लावला. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानून तो १४ केला. एका आकड्याने एका वर्षाची कमाई वाढली. तेव्हा पालकहो, दाखले जपून ठेवा.

राहिला वकील. इस्पितळात खाटेजवळ येऊन वकीलपत्रावर सही मागणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, मध्यस्थ पाठवता येत नाहीत, आणि मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारीही ठरवता येत नाही. अमेरिकेत अशी टक्केवारी रूढ आहे. आपल्याकडे ती निषिद्ध. म्हणून फी आधी ठरवावी, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी, आणि न्यायाधिकरणापुढे अपघाताचे दावे चालवण्याचा अनुभव आहे का ते विचारावे. जखमीच्या दाव्यात अपंगत्वाचा दाखला नुसता पुरत नाही. हात गेल्याने कारकुनाची जेवढी कमाई बुडते त्याहून ड्रायव्हरची अधिक बुडते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये राजकुमार प्रकरणात मांडले. वकिलाने त्या माणसाचा रोजचा व्यवसाय पुराव्यानिशी सांगितला पाहिजे.

आणि फी परवडत नसेल तर? १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५पासून लागू आहे. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. पती गमावलेली कोणतीही भगिनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ शकते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

१८५५ साली मृताच्या घरच्यांना हक्क मिळाला, १९४६ साली त्यामागे विमा आला, १९५७मध्ये न्यायासन आले आणि १९९४मध्ये ते आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचले. चौथ्या पायरीपर्यंत यायला १३९ वर्षे लागली. पाचवी पायरी कायद्याच्या हाती नाही. ती गावातल्या चार शिकलेल्या माणसांनी चढायची आहे : कागद वाचून दाखवायचे, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्या घराबरोबर बेळगावला जायचे.