स्मार्टडीआरव्ही /सी : कॅश 'रिकामी' करण्याची गोष्ट

डॉसच्या जमान्यात कॉम्प्युटर बंद कसा करायचा हे कुणी शिकवत नसे. शिकवण्यासारखं काही नव्हतंच. काम संपलं, स्क्रीनवर सी:\> आलं, हार्डडिस्कचा दिवा विझला, की मागे हात घालून खटका खाली. शटडाउनचा मेनू नाही, 'नक्की बंद करायचं का?' नाही, काही नाही. फार तर अगदी जुन्या एक्सटी मशिनवर आधी 'पार्क' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवायचा, म्हणजे डिस्कचं हेड सुरक्षित जागी जाऊन बसायचं. पुढच्या डिस्क हे काम आपलं आपण करायला लागल्या आणि तेवढाही विधी संपला.

म्हणजे प्रॉम्प्ट हा एक करार होता. 'प्रॉम्प्ट आला' याचा अर्थ 'तुझं लिखाण डिस्कवर गेलं'. हा करार कुठेही छापलेला नव्हता, पण दहा-बारा वर्षं सगळे त्यावर विसंबून होते. आणि १९९३ साली तो मोडला. आजची गोष्ट त्या मोडण्याची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नव्वदीच्या सुरुवातीच्या हार्डडिस्कला एखादी जागा शोधायला साधारण १५ मिलिसेकंद लागत. मेमरीला लागत सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद. भागाकार करून बघा, लाखापेक्षा जास्त पट फरक येतो. त्यामुळे डिस्कवरून एकदा वाचलेलं मेमरीत ठेवून द्यायचं आणि पुन्हा मागितलं की तिथूनच द्यायचं, ही कल्पना कुणालाही सुचेल अशी आहे. हीच वाचण्याची कॅश. तिच्यात धोका जवळपास शून्य, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. वीज गेली तर फक्त एक नक्कल गेली.

लिहिण्याची कॅश मात्र वेगळी चीज आहे. प्रोग्रॅम म्हणतो 'हे लिही', कॅश म्हणते 'लिहिलं', आणि प्रत्यक्षात ते मेमरीत ठेवून सवडीने डिस्कवर उतरवते. वाण्याच्या दुकानात गर्दीच्या वेळी उधारी कच्च्या कागदावर टिपतात आणि संध्याकाळी वहीत चढवतात, तसंच. गिऱ्हाईक लवकर सुटतं, दुकान झपाझप चालतं. फक्त संध्याकाळच्या आत तो कागद उडता कामा नये!

युनिक्सवाल्यांना हा खेळ सत्तरच्या दशकापासून माहीत होता. बेल लॅब्समधल्या युनिक्समध्ये डिस्कचे ब्लॉक मेमरीतल्या बफरमध्ये राहायचे, आणि ते डिस्कवर ढकलायला 'सिंक' नावाची कमांड होती. शिवाय 'अपडेट' नावाचा एक प्रोग्रॅम मागे बसून दर तीस सेकंदांनी हेच करायचा. मशिन बंद करण्यापूर्वी सिंक, सिंक, सिंक असं तीनदा टाइप करायचं, ही जुन्या सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींची प्रसिद्ध सवय. नवीन पोरांना ती अंधश्रद्धा वाटते, पण तिला कारण होतं. तेव्हाची सिंक कमांड लिखाण रांगेत लावून लगेच परत यायची, ते पूर्ण होईपर्यंत थांबायची नाही. तीन वेगवेगळ्या ओळींवर तीनदा टाइप करण्यात जो वेळ जायचा, तेवढ्यात डिस्क आपलं काम उरकायची. एकाच ओळीत अर्धविराम देऊन तीनदा लिहिणाऱ्यांनी मात्र नुसता मंत्र घेतला आणि अर्थ सोडला :)

पण युनिक्सची मशिनं कॉम्प्युटर रूममध्ये असत आणि ती बंद करणारा माणूस शिकलेला असे. डॉस होतं घराघरांत, दुकानांत, टायपिंग क्लासमध्ये.

मायक्रोसॉफ्टचा कॅश प्रोग्रॅम म्हणजे स्मार्टड्राइव्ह. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो आला तेव्हा फक्त वाचण्याची कॅश करायचा. १९९२ च्या एप्रिलमध्ये विंडोज ३.१ आलं, त्याबरोबर तो नव्याने लिहून आला आणि आता लिखाणही धरून ठेवायला लागला. मग मार्च १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० आलं. त्याचा सेटअप ही ओळ ऑटोएक्झेक.बॅट फाइलमध्ये आपणहून टाकायचा. हार्डडिस्कसाठी लिहिण्याची कॅश चालू, न विचारता. मशिन एकदम तरतरीत वाटायचं. ४ एमबी मेमरीच्या मशिनवर साधारण १ एमबी या कामाला जायची, आणि फरक कळायचा.

इथे एक गंमत बघा. फ्लॉपीसाठी स्मार्टड्राइव्ह फक्त वाचण्याची कॅश ठेवायचा, लिहिण्याची नाही. का? तर माणूस फ्लॉपी कधीही उपसून काढेल हे लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. मग तोच माणूस खटकाही कधीही खाली करेल, हे का नाही सुचलं? मला वाटतं, सुचलं असणारच. कारण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर स्मार्टड्राइव्ह आधी सगळं डिस्कवर उतरवायचा आणि मगच मशिन रीस्टार्ट होऊ द्यायचा. एवढी काळजी होती. पण रिसेटचं बटण आणि मागचा खटका सॉफ्टवेअरला विचारून काम करत नाहीत. त्यांच्यासाठी उपाय होता एक स्विच : स्मार्टडीआरव्ही /सी. बंद करण्याआधी हे टाइप करा, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर जाईल. डॉसच्या हेल्पमध्ये हे व्यवस्थित लिहिलेलं होतं. आता सांगा, हेल्प वाचून मशिन बंद करणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

अजून एक स्विच होता, /आर. त्याने कॅशमधलं पुसून ती कोरी सुरू व्हायची. दोन्हीला बोलीत आपण 'कॅश क्लिअर करणं' म्हणतो, पण कामं वेगळी आहेत. /सी म्हणजे कच्च्या कागदावरचं वहीत चढवणं. /आर म्हणजे नव्या कोऱ्या कागदावर सुरुवात. वेग मोजणाऱ्यांना दुसरं हवं असतं, जीव वाचवायचा असेल तर पहिलं. लिनक्समध्ये २००६ पासून 'ड्रॉप कॅशेस' ची सोय आहे, तिथेही हाच घोळ होतो. ती फक्त डिस्कवर आधीच पोचलेली पानं टाकते, बाकीच्यांना हात लावत नाही, म्हणून आधी सिंक करायला सांगतात.

असो. तर खटका चुकीच्या क्षणी पडला की व्हायचं काय? डॉसच्या फॅट पद्धतीत एक फाइल लिहायची म्हणजे तीन ठिकाणी लिहावं लागतं. प्रत्यक्ष मजकूर, कुठला तुकडा कुठे आहे याचा तक्ता, आणि डिरेक्टरीतली नोंद. यातलं एक उतरलं आणि दुसरं मेमरीतच राहिलं की मालक नसलेले तुकडे तरी उरायचे, किंवा दोन फाइली एकाच तुकड्यावर हक्क सांगायच्या. मग चेकडिस्क चालवायचं, आणि रूट डिरेक्टरीत फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशी अनाथ पिल्लं जमायची. त्यातून कुणाचं काय हे शोधत बसायचं.

त्यात डॉस ६.० ने डबलस्पेस आणलं होतं. यात अख्खी ड्राइव्ह दाबून एकाच प्रचंड मोठ्या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवलेली असायची, आणि आत स्वतःचे वेगळे तक्ते. साध्या डिस्कवर एक सेक्टर हुकला तर एखादी फाइल जायची, इथे एक तक्ता बिघडला तर कितीतरी फाइली एकदम. तक्रारी सुरू झाल्या, आणि लोकांनी साहजिकच नव्या आणि भीतीदायक वाटणाऱ्या डबलस्पेसला धरलं. कॅशचं नाव मागाहून आलं.

आपल्याकडे तर वीज न सांगता जायची. ज्यांच्याकडे यूपीएस नव्हता त्यांना /सी टाइप करायला वेळ कोण देणार? या बाबतीत हेल्पमधली सूचना अक्षरशः निरुपयोगी होती, आणि म्हणूनच 'युजरने नीट बंद केलं नाही' हा बचाव मला पटत नाही. लिखाण धरून ठेवायचा निर्णय ज्याने घेतला, जोखीमही त्याचीच. वेगाचं श्रेय जाहिरातीत तुमचं आणि गेलेली फाइल मात्र युजरची, असं कसं?

मायक्रोसॉफ्टने ते ऐकलं म्हणायला हवं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमएस-डॉस ६.२ आलं. त्यात लिहिण्याची कॅश मुळात बंद करून दिली होती, हवी असेल त्याने ड्राइव्हच्या अक्षरापुढे अधिकचं चिन्ह देऊन चालू करावी. आणि ती चालू केली तरी, कमांड संपल्यावर सगळं डिस्कवर उतरल्याशिवाय प्रॉम्प्ट यायचा नाही. म्हणजे जुना करार परत लागू! स्कॅनडिस्कही याच आवृत्तीत आलं. (डबलस्पेसचं पुढचं रामायण वेगळं आहे. स्टॅक कंपनीने पेटंटचा खटला भरला, १९९४ मध्ये ज्युरीने बारा कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ते पुन्हा कधीतरी.)

विंडोज ९५ ने मात्र उलट रस्ता धरला. कॅश विंडोजच्या आत गेली, लिखाण धरून ठेवणं नेहमीचं झालं, आणि प्रॉम्प्टऐवजी माणसाची सवयच बदलायची ठरली. स्टार्ट, शटडाउन, आणि मग काळ्या स्क्रीनवर ती नारिंगी अक्षरं : आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. /सी स्विचचं काम आता त्या मेनूत दडलेलं होतं. 'स्टार्ट दाबून बंद करायचं' यावर जोक करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असेल.

पुढे एटीएक्स मशिनं आली, विंडोज स्वतःच वीज तोडायला लागलं आणि ती नारिंगी अक्षरंही दिसेनाशी झाली. तोवर हार्डडिस्कच्या पोटातसुद्धा स्वतःची कॅश आली होती. विंडोजने आपलं सगळं डिस्ककडे सोपवलं, डिस्क म्हणाली 'मिळालं', विंडोजने वीज तोडली, आणि डिस्कने अजून ते तबकडीवर उतरवलेलंच नव्हतं. प्रोसेसर जितका वेगवान आणि डिस्कची कॅश जितकी मोठी, तितकी ही गडबड व्हायची शक्यता जास्त. युजरने सगळं नियमाप्रमाणे केलं तरी डेटा जाऊ शकत होता. विंडोज ९८ आणि एमईसाठी मायक्रोसॉफ्टने याचा एक अपडेट काढला. त्याचा मुख्य इलाज असा, की वीज तोडण्याआधी विंडोजने दोन सेकंद नुसतं थांबायचं. तीनदा सिंक टाइप करणाऱ्या मंडळींना तो लगेच ओळखीचा वाटला असता.